तीन खाती, एक फुल तिकीट

गुढीपाडवा हा मराठी माणसाचा धोरणं जाहीर करण्याचा दिवस. सकाळी तोंड वाकडं करत कडुलिंबाची चटणी गिळली की आरोग्याचं धोरण जाहीर झालं. दुपारी श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीबरोबर ते मागे घेतलं जातं. संध्याकाळी सराफाच्या दुकानात गर्दीत घुसून मुहूर्ताचं एक ग्रॅम सोनं घेतलं की बचतीचं धोरण पार पडतं. घडणावळ आणि वर जीएसटी मिळून त्या बचतीतले किती पैसे दुकानाच्या पायरीवरच खर्च झाले, हे सणासुदीला विचारायचं नसतं. रात्री मागचं आवरून झालं की सकाळच्या पेपरातली सहल कंपनीची पानभर जाहिरात पुन्हा उलगडली जाते आणि कुणीतरी सहज विचारल्यासारखं विचारतं, "मग मे महिन्यात कुठे?" एका दिवसात तीन धोरणं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

तब्येत सांभाळा, चार पैसे गाठीला बांधा, जरा जग बघा, असा सल्ला देणारी मंडळी हे तिन्ही एकाच माणसाने करायचं आहे असं गृहीत धरतात. ते कुणा एकट्याच्या आवाक्यातलं नाही, हे मध्यमवर्गीय घरांनी केव्हाच ओळखलं आणि खातेवाटप करून टाकलं. आमच्याकडे आरोग्यखातं बायकोकडे आहे, अर्थखातं माझ्याकडे, पर्यटनखातं आईकडे. सतरा वर्षांची मुलगी विरोधी पक्षात असून सध्या तिचा सभात्याग चालू आहे. सासरे बाहेरून पाठिंबा देतात.

आरोग्यखात्याचा सगळा भर हल्ली दहा हजार पावलांवर आहे. हा आकडा कुठल्या वैद्याने नाडी बघून काढला असेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात तो जपानमधून आला. टोकियोचं ऑलिम्पिक १९६४ साली झालं, लोकांना व्यायामाचा उत्साह आला, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणून त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा घातला. आकडा गोल होता, खपायला बरा होता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांकडून आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम मागते. म्हणजे दिवसाला बावीस मिनिटं. पण बावीस मिनिटांत मनगटावरचं घड्याळ थरथरून अभिनंदन करत नाही. त्यामुळे रात्री साडेदहाला घड्याळात नऊ हजार चारशे दिसले की आरोग्यमंत्री जेवणाच्या टेबलाला प्रदक्षिणा घालायला लागतात. सहाशे पावलं हवी असतात आणि हॉल दहा बाय चौदाचा. खालच्या मजल्यावरचे काका पहिल्या वेळी चोर समजून वर आले होते. हल्ली ते नुसते छताला काठी लावतात.

आहाराचे नियमही याच खात्याकडून निघतात. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, हे परिपत्रक फ्रिजवर लावलेलं आहे. पाच ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा. आता मराठी ताटाची डावी बाजू बघा. मीठ, चटणी, लोणचं, कोशिंबीर, वर तळलेला पापड. दिवसाचा कोटा भातावर वरण पडायच्या आधी डावीकडेच संपतो. उजवी बाजू मग उधारीवर चालते.

रविवारी हे खातं पर्यटनखात्याच्या सहकार्याने सिंहगडावर जातं. आतकरवाडीच्या वाटेने, पायी. ही सगळ्यात निर्दोष योजना दिसते: व्यायाम, सहल आणि जवळजवळ फुकट. म्हणून मी एकदा कागद घेऊन बसलो. सत्तर किलोचा माणूस सहाशे मीटरच्या आसपास उंची चढतो, आणि अंगातल्या शक्तीतला चौथा हिस्साच चढण्याच्या कामी येतो, बाकीची घाम काढण्यात जाते, असं धरलं तर खर्च होतात चारशेच्या आसपास कॅलरी. वर पोचल्यावर पहिल्यांदा कांदाभजी. त्यात मुरलेलं तेल तीन मोठे चमचे धरलं तरी नुसत्या तेलाच्याच साडेतीनशे झाल्या, बेसन आणि कांदा अजून वेगळाच. मग पिठलं-भाकरी, कारण गडावर येऊन ती खाल्ली नाही तर आलो कशाला. मग मडक्यातलं दही, कारण ते थंड असतं. हा हिशोब मी बायकोला दाखवला. तिने शांतपणे विचारलं, "आणि उतरताना लागतात त्या कॅलरी?" आरोग्यखात्याचा अर्थसंकल्प नेहमी असाच तुटीचा असतो आणि ती तूट पुढच्या रविवारी भरून निघणार असते.

आता माझं खातं. अर्थखात्याला दोन गोष्टींचा अभिमान असतो: एक, आपण पैसे वाचवतो, दोन, बाकीचे वाचवत नाहीत. या खात्यातले आमचे आदर्श म्हणजे सासरे. पीपीएफवर बारा टक्के व्याज मिळालेली ही पिढी. १९८६ पासून २००० सालापर्यंत तो दर होता, सहा वर्षांत पैसे दुप्पट. २०२० च्या एप्रिलपासून तो ७.१ टक्क्यांवर आहे, म्हणजे दुप्पट व्हायला दहा वर्षं. कुठल्याही लग्नात, मुंजीत किंवा तेराव्याला सासऱ्यांना कोपऱ्यात गाठून "काय म्हणताय?" असं विचारलं की ते "बारा टक्के होते हो" असं म्हणून सुरुवात करतात.

पीपीएफचा एक नियम त्यांच्या आयुष्याचं वेळापत्रक ठरवतो. महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. म्हणजे वर्षाचे दीड लाख एकदम भरणाऱ्याने ते पाच एप्रिलच्या आत भरावेत. सहा तारखेला भरले तर एका महिन्याचं व्याज, ८८७ रुपये ५० पैसे, बुडालं. हा आकडा सासऱ्यांना पैशांपर्यंत पाठ आहे. मोबाईलवरून भरता येतात, हे त्यांना मान्य आहे, पण "मग शिक्का कुठे उमटतो?" या त्यांच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नाही. त्यामुळे दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते पासबुक घेऊन पोस्टात जातात. एका वर्षी सुट्ट्या अशा काही जुळून आल्या की पाच तारीख उजाडली तरी पैसे भरायचे राहिले होते. रिक्षाला चाळीस रुपये घालवणं तत्त्वात बसत नव्हतं. सासरे घरापासून पोस्टापर्यंत ज्या वेगाने गेले, त्या वेगाने ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, योगशिक्षकांच्या आग्रहावरून किंवा माझ्या सासूबाईंच्या धाकाने कधीही चालले नव्हते. त्यांच्या मुलीने भेट दिलेल्या घड्याळाने त्या दिवशी "तीव्र व्यायाम, उत्तम!" असा शेरा दिला. बायकोने त्या शेऱ्याचा फोटो काढून ठेवला आहे. व्याजाची पावती मी ठेवली आहे.

अर्थखातं आणि आरोग्यखातं यांची मैत्री खरी बहरायची ती मार्चमध्ये. तब्येतीच्या प्रतिबंधक तपासण्यांवर पाच हजार रुपयांपर्यंत करवजावट मिळायची, त्यामुळे लोक वर्षभर छातीत धडधडलं तरी थांबायचे आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उपाशीपोटी लॅबच्या दारात रांग लावायचे. कोलेस्टेरॉल किती आहे यापेक्षा पावतीवर तारीख एकतीस मार्चच्या आतली आहे ना, ही काळजी मोठी. मग नवी करप्रणाली आली आणि २०२३-२४ पासून आपोआप तीच लागू व्हायला लागली. तिच्यात ही वजावट नाही, विम्याच्या हप्त्याची नाही, पीपीएफचीही नाही. आता कोलेस्टेरॉल नुसतं कोलेस्टेरॉलसाठी तपासायचं, पैसे नुसते साठावेत म्हणून साठवायचे. इतक्या निखळ कारणासाठी कुठलंही काम करायची आमच्या पिढीला सवय नाही. आमच्या ऑफिसातल्या कित्येकांनी जुन्या प्रणालीचा नाद सोडला आणि त्याच वर्षी तपासणीचाही.

पर्यटनखात्याकडे वळतो. आईने पंचाहत्तरी ओलांडली आणि तिच्या हाती सत्ता आली. पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास राज्यभर मोफत आहे. त्याआधी आई प्रवासाला निघायची म्हटलं की गुडघा दुखायचा. तिकीट शून्य झाल्यावर गुडघ्याचं काय झालं, ते वैद्यकशास्त्राने बघावं. सांगलीला मावसबहिणीच्या नातवाचं बारसं, सोलापूरला कुणाची तरी साठीशांत, नाशिकला "सहज, बरेच दिवसांत गेले नाही". आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स काखेत.

यात बचत झाली, असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. तिकीट वाचलं म्हणून गाडी थांबेल तिथे चहा. चहा घेतला म्हणून बरोबर बिस्किटं. सांगलीची हळद आणि बेदाणे, सोलापूरची शेंगाचटणी आणि दोन चादरी, नाशिकचा चिवडा. बारशाला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून अंगडं-टोपडं, आणि परतताना त्यांनी दिलेलं लुगडं, ज्याची परतफेड पुढच्या कार्यात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडी फुकट होती. अर्थखात्याच्या नोंदीनुसार आईचा मोफत प्रवास हा आमच्या घरातला सर्वांत महागडा प्रवास आहे. हे तिला सांगितलं की ती म्हणते, "अरे, पण तिकीट लागलं का?" नाही लागलं. विषय संपला.

सासऱ्यांचा प्रवास उलट्या जातीचा. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही जुनी योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि राज्यात वाटेल तिथे हिंडायचं. कल्पना अशी की माणूस आवडेल तिथे उतरेल. पण सासऱ्यांनी सात दिवसांचा पास काढला आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की उतरलं की पास वाया जातो. मग ते उतरेचनात. रात्रीची गाडी पकडली की लॉजचं भाडं वाचत होतं, ते आणखी वेगळं. कोल्हापूरला गेले तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "अंबाबाईचं दर्शन झालं का?" ते म्हणाले, "स्टँडवर एकाला दिशा विचारली आणि तिकडे तोंड करून हात जोडले. पंधरा मिनिटांत रत्नागिरीची गाडी होती." सातव्या दिवशी घरी आले तेव्हा पास तिपटीने वसूल झाला होता आणि कंबर धरली होती. फिजिओथेरपीचा खर्च त्यांनी आरोग्याच्या रकान्यात लिहिला, त्यामुळे प्रवासाचं खातं आजही नफ्यात आहे.

इथे सगळ्या कारभाराचं मर्म आहे. कुठलंही खातं आपला खर्च स्वतःच्या नावावर टाकत नाही. फिरायला जायचं असलं की ती हवापालट होते, म्हणजे आरोग्य. चालायचा कंटाळा आला की "आज जरा भाजी स्वस्तातली आणायला मंडईत गाडीवरून जाऊन येतो," म्हणजे बचत. खर्चाला नाही म्हणायचं असलं की "बाहेरचं तेलकट खाणं नको," असं म्हणून अर्थखातं आरोग्याचा झगा घालतं. आणि पंधरा लिटरचा तेलाचा डबा स्वस्त पडतो म्हणून घरी येतो, तो घरात आहे म्हणून शनिवारी वडे होतात, आणि ते वडे बचतीचे असतात.

अशा मंत्रिमंडळाची सहल ठरते कशी, ते सांगतो. पूर्वी रेल्वेचं आरक्षण एकशेवीस दिवस आधी सुरू व्हायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. रेल्वेची कारणं काही असोत, आमच्या घराच्या दृष्टीने भांडायला पूर्वी चार महिने मिळायचे, आता दोनच मिळतात. गेल्या वर्षी दोन महिन्यांत एकमत झालं नाही, म्हणून रेल्वे बाद झाली आणि आईच्या तोंडावर समाधान पसरलं.

"डोंगरावर जाऊ," बायको म्हणाली. "चालणं होईल."

"जूनच्या मध्याला जाऊ," मी म्हणालो. "खोल्यांचे दर उतरलेले असतात."

"एसटी जिथे जाते तिथे जाऊ," आई म्हणाली.

"तिथे नेटवर्क असेल का?" विरोधी पक्षाने विचारलं.

या चार अटींत महाराष्ट्रातलं एकच ठिकाण बसत होतं. जूनच्या मध्याला महाबळेश्वर, स्वारगेटवरून एसटीने. महाबळेश्वरात पाऊस किती पडतो, ते शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण खोलीचा दर बघितला की माणसाचा भूगोल कच्चा होतो.

बरोबर दशम्या, कोरडी चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. पुऱ्या तेलकट आहेत यावर आरोग्यखात्याने हरकत घेतली. बाहेरच्या वड्यापेक्षा घरच्या बऱ्या, असं ठरून ती निकालात निघाली. गाडी कात्रजच्या पुढे गेली आणि कंडक्टर मशीन घेऊन आमच्यापाशी आला.

"आजी, आधार कार्ड दाखवा."

"अरे बाळा, तोंडाकडे बघून कळत नाही का?" असं म्हणत आईने पर्समधून पिशवी आणि पिशवीतून कार्ड काढलं. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघालं. आईने ते शेजारच्या सीटवरच्या बाईला दिसेल असं धरलं.

"या दोघींची हाफ." महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, वयाची अट नाही. विरोधी पक्षाने सरकारी सवलत मुकाट्याने घेतली.

मग तो माझ्याकडे वळला. चष्म्यावरून बघितलं. "काका, पासष्ट झालीत का? पंचाहत्तरीपर्यंत तुम्हालापण हाफ आहे."

मला एक्कावन्न पूर्ण आहेत. गाडीत एकदम शांतता पसरल्यासारखं वाटलं. एकीकडे अर्धं भाडं, दुसरीकडे चौदा वर्षं. अर्थमंत्री या नात्याने माझं कर्तव्य काय, याचा विचार करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा लागायला नको होता, असं बायकोचं मत आहे.

"फुल," मी म्हणालो.

"बघा," आरोग्यमंत्री कानाशी म्हणाल्या, "म्हणून म्हणते, रोज चाला." आणि आई मागच्या सीटवरून मोठ्याने म्हणाली, "त्याला लहानपणापासून कुणी फुकट काही दिलं नाही हो."

महाबळेश्वरला तीन दिवस धो धो पाऊस होता. बायकोने हॉटेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये येरझारा घालून पावलं पुरी केली, वेटर तिला वाट देत होते. आई खिडकीशी बसून भाजलेली कणसं खात होती. कणीस म्हणजे तंतू, तंतू म्हणजे आरोग्य, म्हणून त्यावर हरकत आली नाही. मी तीन दिवसांचा खर्च लिहिला आणि तो ठरवल्यापेक्षा थोडाच वर गेला. मुलीला नेटवर्क मिळालं नाही, त्यामुळे ती आमच्याशी बोलली, पत्तेही खेळली.

परत आल्यावर मनाशी विचार केला. सगळी सत्ता एकट्या माझ्या हातात असती तर आम्ही कात्रजच्या पुढे गेलोच नसतो. एकट्या आईच्या हातात असती तर अजून परतलो नसतो. एकट्या बायकोच्या हातात असती तर उकडलेला दुधी घेऊन सगळे पॉइंट पायी बघितले असते. तिघांनी एकमेकांचे पाय ओढले म्हणून सहल झाली, पैसेही उरले, आणि कुणाचं वजन दोन किलोपेक्षा जास्त वाढलं नाही. लोक संतुलन शोधायला शिबिरांना जातात. आमच्याकडे ते जेवणाच्या टेबलावर रोज आरडाओरडा करून होतं.

तिन्ही गोष्टी एकट्याने जमवलेला एक माणूस मात्र आमच्या सोसायटीत आहे. तिसऱ्या मजल्यावरचे काका. पहाटे पाचला उठतात, भिजवलेले बदाम मोजून खातात, साखर काबूत, रक्तदाब काबूत, गुंतवणुकीचे तक्ते रंगीत. वर्षाला तीन सहली, त्याही आखलेल्या, प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं. माणूस सज्जन, निर्व्यसनी आणि पूर्णपणे संतुलित. परवा ते मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर अष्टविनायक करतोय. पहाटे साडेचारला निघायचं, जेवण बिनतेलाचं, खर्च समान वाटून, पैशापर्यंत. तुमच्या घरासाठी चार जागा ठेवल्यात. येताय ना?"

ते जिना उतरून जाईपर्यंत आम्ही दाराशी हसतमुखाने उभे होतो. मग दार लावलं आणि बैठक झाली. आरोग्यखातं, अर्थखातं, पर्यटनखातं, शिवाय विरोधी पक्ष. चौघांचा सूर एकच होता: नाही. आमच्या सरकारच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव.